तंबू उतरवून टार्पखाली

ताडपत्री म्हटले की मराठी माणसाच्या डोळ्यांसमोर पावसाळ्यात कौलांवर अंथरलेले निळे प्लॅस्टिक नाहीतर मालमोटारीवरचे जाड कापड येते. पाठीवर बिऱ्हाड घेऊन आठवडेच्या आठवडे चालणाऱ्या अनेक पदभ्रमणकारांनी मात्र तिचेच हलके भावंड, म्हणजे टार्प, तंबूच्या जागी आणले आहे.

मुळाशी आहे तो वजनाचा हिशेब. दोघांचा दुहेरी कापडाचा नेहमीचा तंबू दोन ते तीन किलो भरतो. सिलिकॉनचा लेप दिलेल्या नायलॉनचा आठ बाय दहा फुटांचा टार्प दोऱ्यांसह अर्ध्या किलोच्या आतबाहेर असतो. खुंट्या आणि खाली अंथरायचे प्लॅस्टिक धरूनही तंबूच्या निम्मे वजन होत नाही. खांब वेगळे लागत नाहीत. चालण्याच्या काठ्याच ते काम करतात.

कल्पना नवी नव्हे. १९५५ साली ६७ वर्षांच्या एमा गेटवुड यांनी अमेरिकेतील सुमारे ३,३०० किलोमीटरची अ‍ॅपालेचियन वाट एकटीने पार केली. त्यांच्या झोळीत तंबू नव्हता; पावसासाठी न्हाणीघरातला प्लॅस्टिकचा पडदा होता. पुढे १९९० च्या दशकात रे जार्डिन या अभियंता-प्रस्तरारोहकाने पत्नी जेनीसह लांब पल्ल्याच्या वाटा तुडवल्या आणि लिखाणातून टार्पचा हिरिरीने पुरस्कार केला.

वजनाखेरीज दुसरा लाभ हवेचा. बंद तंबूत श्वासातील बाष्प गार पडलेल्या कापडावर जमते आणि पहाटे पांघरूण ओलसर लागते. टार्पच्या बाजू मोकळ्या असल्याने बरेचसे बाष्प वाऱ्याबरोबर निघून जाते. मात्र दव पडणाऱ्या शांत रात्री टार्पही आतून ओला होतोच; विक्रेते हे सहसा सांगत नाहीत.

खरी परीक्षा जागा निवडण्याची. तंबूचा शिवलेला तळ थोड्याफार चुका पोटात घालतो, टार्प घालत नाही. खोलगट जागी पथारी टाकली तर मध्यरात्री पाणी अंगाखाली येते. वाऱ्याकडची कड जमिनीलगत घट्ट ताणावी, दुसरी उचलावी. नायलॉन भिजले की सैल पडते, म्हणून झोपण्यापूर्वी दोऱ्या पुन्हा ताणाव्या लागतात. सरकवून ताणता येणारी गाठ अंधारात, गारठलेल्या बोटांनी मारता आली पाहिजे. हा सराव घराच्या गच्चीवरच करून घेतलेला बरा.

सह्याद्रीत हा बदल करताना मात्र दोन गोष्टींचा विचार हवा. उघड्या पठारावर पावसाळी वारा सरी आडव्या मारतो; तेथे नुसते छप्पर तोकडे पडते. हरिश्चंद्रगडासारख्या ठिकाणी गुहांचाच आसरा मिळत असल्याने तंबूचे ओझे तसेही अनाठायी ठरते. दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. मण्यार रात्री फिरते आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दंश बहुधा फारसा दुखत नाही, सूजही नाममात्र येते, त्यामुळे विष भिनेपर्यंत झोपलेल्याला पत्ता लागत नाही. म्हणून येथे टार्पखाली तळ शिवलेली, चेन पूर्ण बंद होणारी जाळी टांगावी. तिचे वजन काहीशे ग्रॅमने वाढते आणि वाचवलेल्या ओझ्यातला काही भाग परत जातो. तरीही सॅक तंबूच्या दिवसांपेक्षा हलकीच राहते. दंशाची नुसती शंका आली तरी उजाडण्याची वाट न पाहता त्या व्यक्तीला कमीत कमी चालवून प्रतिविष असलेल्या रुग्णालयात हलवावे.