पान मोठं झालं, मांडणीचं काय?

गूगलचा नियम एव्हाना सगळ्यांना ठाऊक झाला आहे. १ नोव्हेंबर २०२५ पासून अँड्रॉइड १५ आणि पुढच्या आवृत्त्यांसाठी प्ले स्टोअरवर येणारं नवं ॲप किंवा अपडेट १६ केबीच्या मेमरी-पानांवर चाललंच पाहिजे. सी किंवा सी प्लस प्लसमधल्या लायब्रऱ्या वापरणाऱ्यांना त्या पुन्हा बिल्ड कराव्या लागल्या. निव्वळ जावा-कोटलिनवाले बहुतेक सुटले. चर्चा झाली ती या डोकेदुखीचीच. चार केबीचं पान सोळा केबीचं केल्यावर वेग का वाढतो, याकडे मात्र फारसं कुणी वळलं नाही. मला तोच प्रश्न महत्त्वाचा वाटतो, आणि तो समजून घ्यायला चेन्नईइतकं सोयीचं शहर नाही.

आयआयटी मद्रासमध्ये १९७३ साली जर्मन मदतीतून आयबीएम ३७०/१५५ आला. १९७० मध्ये जाहीर झालेल्या या मॉडेलमध्ये पेजिंगचं, म्हणजे मेमरी पानापानांत विभागून सांभाळायचं, हार्डवेअर मुळात नव्हतंच. दोनच वर्षांत आयबीएमने आभासी मेमरी आणली आणि १५५ घेतलेल्या ग्राहकांपुढे त्यासाठीची जोडणी वेगळी, भरभक्कम किमतीला विकत घेण्याचा पर्याय ठेवला. कल्पना तशी नवी नव्हती. मँचेस्टरच्या ॲटलास संगणकाने १९६२ मध्येच मेमरीची पानं पाडून लागतील तेवढीच मुख्य मेमरीत आणायला सुरुवात केली होती.

पण या कल्पनेने साठीच्या दशकात भल्याभल्यांना रडवलं. एकाच यंत्रावर बरेच प्रोग्राम चढवले की प्रत्येकाच्या वाट्याला पानं कमी येत. मग यंत्र काम सोडून पानांची ने-आण करत बसे. प्रोसेसर रिकामा दिसतो म्हणून आणखी प्रोग्राम चढवला, की सगळंच ठप्प. याला थ्रॅशिंग म्हणतात. पीटर डेनिंग या तरुण संशोधकाने १९६८ मध्ये त्याचं मूळ सांगितलं. प्रोग्राम मेमरीत सैरावैरा धावत नाही. थोड्या काळात तो ठरावीक पानांभोवतीच घुटमळतो. त्या पानांच्या संचाला त्यांनी ‘वर्किंग सेट’ म्हटलं. तो संच मावत असेल तरच प्रोग्राम चालू द्या, नाहीतर थांबवून ठेवा. संगणकशास्त्रात इतकी साधी आणि इतकी टिकाऊ कल्पना क्वचितच सापडते. आजचा फोनसुद्धा तिच्याच जिवावर चालतो.

हे आकड्यांत पाहू. १०२४ ओळी आणि १०२४ स्तंभांचं एक कोष्टक घ्या, प्रत्येक आकडा चार बाइटचा. सी भाषेत एक ओळ बरोबर ४०९६ बाइट भरते, म्हणजे चार केबीचं एक पान. ओळीओळीने बेरीज केली तर पान १०२४ वेळा बदलतं. स्तंभास्तंभाने केली तर प्रत्येक आकड्याला नवं पान, म्हणजे दहा लाखांवर बदल. बेरीज तीच, उत्तर तेच. फोरट्रानमध्ये स्तंभ सलग साठवले जातात, त्यामुळे तिथे नेमकं उलटं होतं.

कोष्टक पूर्णपणे रॅममध्ये असलं तरी भुर्दंड पडतोच. कुठलं पान कुठे आहे याच्या अलीकडच्या नोंदी प्रोसेसर टीएलबी नावाच्या छोट्या तक्त्यात ठेवतो. समजा तो ६४ नोंदींचा आहे. चार केबीच्या पानांनी त्यात २५६ केबीचा पत्ता लागतो, सोळाच्या पानांनी एक एमबीचा. मोठ्या पानाची मुख्य कमाई ही आहे. गूगलच्या सुरुवातीच्या मोजणीत एकूण कामगिरी ५ ते १० टक्क्यांनी सुधारली आणि मेमरी सुमारे ९ टक्के जास्त लागली. ते नऊ टक्के कमी रॅमच्या स्वस्त फोनला जड जाणार, हे कुणी मोठ्याने बोलत नाही.

टीएलबीत नोंद सापडली नाही तर काय होतं, तेही चेन्नईतच बघता येतं. आयआयटी मद्रासमध्ये प्रा. व्ही. कामकोटी यांच्या नेतृत्वाखाली घडलेल्या ‘शक्ती’ प्रोसेसरवर २०१८ मध्ये लिनक्स चालली. त्याचा सी-क्लास गाभा एसव्ही३९ पद्धतीचं पेजिंग करतो. त्यात चार केबीच्या पानाचा पत्ता काढायला तीन पातळ्यांचे तक्ते ओलांडावे लागतात. आराखडा खुला आहे. आपल्या विद्यार्थ्याला तो उघडून ही पायपीट ओळीओळीने वाचता येते.

डेटाचं झालं, तसंच कोडचंही आहे. मिसळणाच्या डब्यात मोहरी, हळद, जिरं एकत्र असतात, कारण फोडणीला ती एकदमच लागतात. तमिळ घरातली अंजरैपेट्टीही तशीच. प्रोग्राममध्ये मात्र रोज लागणारी फंक्शनं दूरदूरच्या पानांवर विखुरलेली असतात आणि मध्ये कधीतरीच लागणारा, चुका हाताळणारा कोड ठाण मांडून बसतो. ह्युलेट-पॅकार्डच्या पेटिस आणि हॅन्सन यांनी १९९० मध्ये प्रोग्राम चालवून, मोजून, नेहमीचा कोड शेजारीशेजारी रचायची रीत दाखवली. आजचे कंपायलर ते काम करून देतात. त्यांना आधी प्रोफाइल मोजून द्यावं लागतं एवढंच, आणि तेवढीच तसदी आपल्याकडे घेतली जात नाही.

याचा दोष मी अभ्यासक्रमाला देईन. पान काढून टाकायच्या फिफो आणि एलआरयूच्या रीतींची गणितं मुलं परीक्षेत कागदावर भराभर सोडवतात. पण वरचं कोष्टक दोन्ही दिशांनी चालवून घड्याळ लावायला त्यांना कुणी सांगत नाही. हीच मुलं पुढे ॲप लिहितात, आणि ते रखडलं की ग्राहकाला जास्त रॅमचा फोन घ्यायला सांगितलं जातं. सोळा केबीचं पान त्यांना थोडी सवलत देईल. कोड विखुरलेलाच राहिला, तर त्या पानातून चौपट अडगळही आत येईल.