शोभेची झाडे आणि त्यांची जागा



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला बोलावले, तेव्हा मी कामगार कायद्यावर बोलेन अशीच त्यांची समजूत होती. शोभेच्या झाडांवर बोलतो म्हटल्यावर ते जरा चकित झाले. माझे शाळेतील शिक्षण नववीत आटोपले. झाडांविषयी जे काही कळते ते जुन्या बाजारातील पुस्तकांतून आणि माळ्यांच्या तोंडून मिळवलेले. परंतु हा विषय मी निव्वळ हौसेने निवडलेला नाही. त्यामागे एक चूक आहे, आणि ती माझी आहे.

पुष्कळ वर्षांपूर्वी आमच्या कामगार वसाहतीत पहिल्या पावसात युनियनच्या वतीने आम्ही झाडे लावली. पाण्याची ओढ आणि शेळ्या मोकाट, अशी तिथली स्थिती. तेव्हा पाण्यावाचून तगेल आणि शेळी तोंड लावणार नाही असे झाड हवे होते. मी पिवळी कण्हेर, म्हणजे आपली बिट्टी, सुचवली आणि मुलांच्या पटांगणाच्या कडेने तिची रांग लावून मोकळा झालो. झाडे जोमाने वाढली, पिवळ्या घंटांसारखी फुले आली, लोकांनी कौतुक केले. पुढे एका सहा वर्षांच्या पोराने बिट्टी फोडून आतला गर चघळला. उलट्या सुरू झाल्या, नाडी मंद पडली. चार दिवस दवाखान्यात काढल्यावर पोर वाचले. शेळी त्या झाडाला तोंड लावत नाही एवढे मी पाहिले होते. का लावत नाही, हे कोणाला विचारले नव्हते.

बिट्टीच्या चिकात, आणि विशेषतः बियांत, हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारे विष असते. लाल-गुलाबी फुलांची कण्हेर ही निराळी जात, पण तिचेही विष त्याच प्रकारचे, आणि ते मुळापासून फुलापर्यंत सर्वांगात असते. म्हणून कण्हेर वाईट झाड, असे मात्र मी म्हणणार नाही. मोठ्या रस्त्याच्या मधल्या पट्ट्यात धूर, धूळ, ऊन आणि पाण्याची टंचाई सोसून जे महिनोन्महिने फुलते, ते हेच. जिथे पोर खेळत नाही आणि गुरे चरत नाहीत, तिथे तिच्याइतके कष्टाळू झाड विरळा. तिला जागा चुकीची दिली ती आम्ही.

आपण झाड विकत घेतो ते रोपवाटिकेत दिसलेल्या फुलावरून. बोगनवेलीचेच पाहा. “आणली तेव्हा लालभडक होती, आता नुसती पाने येतात,” ही तक्रार मी शंभर वेळा ऐकली आहे. ही वेल मूळची दक्षिण अमेरिकेतील, आणि तिला नाव मिळाले अठराव्या शतकातील बोगनव्हील या फ्रेंच दर्यावर्दीचे. आपण जिला फूल म्हणतो ती खरे म्हणजे रंगीत पाने आहेत. शास्त्रात त्यांना छद म्हणतात. खरी फुले त्या तिघांच्या मध्ये, बारीक नळीसारखी आणि फिकट. भरपूर पाणी आणि शेणखत मिळाले की ही वेल फांद्या आणि पाने वाढवीत बसते. उन्हात ठेवून पाणी थोडे ताणले की रंगावर येते. (आमच्या एका कारखानदाराला हे तत्त्व फार आवडले होते. माणसांना ते लागू नाही, हे त्याला सांगण्यात माझा एक तास गेला.) काटे असल्यामुळे कुंपणाला ती उत्तम, ये-जा असलेल्या जिन्याच्या तोंडाशी लावू नये.

याच्या अगदी उलट कर्दळ. मोरीचे पाणी परसात साचत असेल तर तिथे कर्दळीचे कंद लावावेत. ती ते पाणी पिऊन टाकते आणि लाल-पिवळी फुलते. फुलून गेलेला दांडा बुडापासून कापला की शेजारून नवा उठतो. हीसुद्धा मूळची अमेरिकेची, जरी शास्त्रज्ञांनी तिच्या नावात ‘इंडिका’ घालून ठेवले आहे.

चाळीच्या अंधाऱ्या गॅलरीत क्रोटन आणून निराश होऊ नका. त्याच्या पानांतले तांबडे-पिवळे रंग भरपूर उजेडावर अवलंबून असतात. सावलीत तो हिरवा पडतो. तिथे मनीप्लँट चालतो, पण दोरीवर उंच टांगावा, कारण त्याचे पान चावले तर तोंडाची आग होते. उन्हाची गॅलरी असेल तर पत्र्याच्या डब्यातही सदाफुली फुलते, फक्त डब्याला खाली भोके पाडावीत. मादागास्करची ही गरीब पाहुणी; हिच्यात १९५८ च्या सुमारास सापडलेल्या द्रव्यांपासून कर्करोगावरची औषधे तयार झाली. म्हणून कोणी तिची पाने चघळू नयेत, तीही विषारीच.

जास्वंदीला फुले येतात ती नव्या फुटीवर. तेव्हा कात्रीची दया करू नये. मोगऱ्याचेही तसेच.

गुलमोहर मला प्रिय आहे, कारण तो कामगार दिनाच्या सुमारास लाल होतो. साताऱ्यात तर १ मे हा गुलमोहर दिन म्हणूनच साजरा करतात. परंतु त्याचे लाकूड ठिसूळ, मुळे वरच्यावर पसरणारी. मोकळ्या मैदानात तो राजा. भिंतीलगत, नळाशेजारी किंवा विजेच्या तारांखाली लावला की पहिल्याच वादळात फांदी येते खाली. आणि रानात माजलेली घाणेरी? तीही एके काळी बागेची शोभा म्हणून, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी कलकत्त्याच्या वनस्पती-उद्यानात आणलेली. पक्ष्यांनी फळे खाल्ली, बिया पांगल्या. आज ती जंगलच्या जंगल व्यापून बसली आहे आणि खाणारी गुरे आजारी पडतात.

आमच्या पटांगणाच्या कडेची बिट्टी आम्ही काढली. ती मुळासकट उपटायला चार रविवार लागले. तिच्या जागी तगर आणि जास्वंद लावली; शेळ्यांसाठी काटेरी कुंपण घालावे लागले आणि पाण्याची पाळी ठरवावी लागली. एका कोपऱ्यात देवचाफा आहे. त्याची फांदी हवी असेल तर हेच दिवस बरे, पुरती पाने फुटण्यापूर्वी. हातभर तुकडा कापावा, चीक डोळ्यांत जाऊ देऊ नये, आठ-दहा दिवस सावलीत ठेवून कापलेली बाजू सुकू द्यावी आणि मग वाळू मिसळलेल्या मातीत रोवावा. ओल्या जखमेने लावलात तर कुजेल. ज्यांना हवी असेल त्यांनी रविवारी सकाळी वसाहतीत यावे. कोयता मी आणतो.