घरची भाषा आणि अबोल मूल

सोलापूरनजीकच्या कुंभारीकडे आजवर विडी कामगार स्त्रियांच्या घरबांधणीचा प्रयोग म्हणूनच पाहिले गेले. २००६ साली गोदूताई परुळेकर वसाहतीतील दहा हजार आणि २०२४ साली रे नगरातील पंधरा हजार घरे हे त्याचे दोन टप्पे होत. परंतु डोक्यावर छप्पर आल्याने सारे प्रश्न मिटत नाहीत. तेथील कित्येक घरांत तेलुगू, कन्नड वा उर्दू, तर अंगणवाडीत मराठी. अशा घरातील मूल तीन वर्षांचे होऊनही बोलले नाही, तर ‘दोन भाषांनी गोंधळले आहे’ असे समाधान करून घेतले जाते. मूल स्वमग्न असेल, तर हे समाधान महाग पडते.

लिओ कॅनर यांनी १९४३ साली अकरा मुलांच्या निरीक्षणावरून या अवस्थेचे वर्णन केले. त्यांपैकी तिघे बोलतच नव्हते. बोलणाऱ्यांत ऐकलेले वाक्य जसेच्या तसे उच्चारण्याची आणि स्वतःस ‘तू’ म्हणण्याची खोड आढळली. तेलुगू घरातील असे मूल तहान लागताच आईचाच प्रश्न उच्चारील : ‘नीळ्ळु कावाला?’ त्याला पाणी हवे आहे, हे आई जाणते; तेलुगू न जाणणाऱ्या सेविकेला तो निरर्थक ध्वनी वाटतो.

यावर ‘घरात मराठीच बोला’ हा सल्ला सद्‌हेतूने दिला जातो. पण तो चुकीचा आहे. दोन भाषांमुळे स्वमग्नता उद्भवत नाही. कॅनडा व अमेरिकेतील अभ्यासांत दुभाषिक घरांतील स्वमग्न मुले एकभाषिक स्वमग्न मुलांहून भाषेत मागे पडल्याचे दिसले नाही. उलट परक्या भाषेत अडखळणारी आई मुलाशी कमी बोलते, आणि मुलाचा पहिला शिक्षकच मुका होतो.

येथे अर्थशास्त्राचा प्रश्न येतो. विडीची मजुरी हजार विड्यांच्या हिशेबाने मिळते. उपचारासाठी शहरात घातलेला प्रत्येक दिवस मजुरीतून वजा होतो. १९९५ च्या अपंगविषयक कायद्यात स्वमग्नतेला स्थान नव्हते. ते २०१६ च्या कायद्याने दिले. पण मजुरी बुडवून मिळवावा लागणारा हक्क गरिबाला परवडत नाही.

म्हणून साहाय्यच वस्तीत आले पाहिजे. नावाने हाक मारता न वळणे, हवी ती वस्तू बोटाने न दाखविणे ही लक्षणे कोणत्याही भाषेच्या घरात ओळखता येतात. ती दिसताच प्रथम श्रवणचाचणी, मग आईच्या भाषेत तपासणी व्हावी. वसाहतीतील तेलुगू, कन्नड, उर्दू जाणणाऱ्या तरुणींना प्रशिक्षण व वेतन देऊन अंगणवाडीशी जोडणे फार खर्चाचे नाही. मूल बोलते की नाही याचा निर्णय त्याची भाषा न जाणणाऱ्याने देऊ नये, एवढा न्याय तरी त्याला मिळावयास हवा.