माझा कान कुणी कापला?

आज माइक माझ्याकडे. मी मोत्या, तुमच्याच गल्लीतला. माझ्या कानाचा तुकडा गायब आहे, पाहिलंत? तुम्हाला वाटतं मारामारीत गेला. छे! नसबंदी झाली आणि रेबीजची लस टोचली, त्याची ती खूण. भूल दिलेली असतानाच कापतात, त्यामुळे मला कळलंही नाही. मग 2023 च्या नियमांप्रमाणे मला परत इथेच सोडलं. दुसऱ्या गल्लीत सोडलं असतं, तर तिथल्या दादा लोकांनी फाडलंच असतं!

पण एक लक्षात ठेवा. खूण जन्मभराची, लस नाही. ती दर वर्षी टोचावी लागते. म्हणून कान बघून गाफील राहू नका. कधी चावलोच, तर जखम साबण-पाण्याने 15 मिनिटं धुवा, हळद-चुना लावू नका आणि लगेच दवाखाना गाठा.

चला, स्कूटर आली. भुंकून येतो!