ही रफ आहे

फेब्रुवारी संपत आला की ठाण्यातल्या वर्तकनगर नाक्याजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात ब्लॅकबुकांची रांग लागते. मुंबई विद्यापीठाच्या तिसऱ्या वर्षाच्या पोरांचे प्रोजेक्ट: काळं रेक्झिन, वर सोनेरी अक्षरं. एक अख्खी संध्याकाळ मी तिथल्या स्टुलावर बसून काढली.

"पूर्वी कॉपी मीच पकडायचो," दुकानदार म्हणाला. "सर्टिफिकेटवर ह्याचं नाव आणि खाली फूटरमध्ये गेल्या वर्षीच्या पोराचं." आता तसली फाइल येत नाही. सगळं गुळगुळीत.

पोरांच्या तोंडी एकच आकडा: दहा टक्के. तो यूजीसीच्या २०१८ च्या नियमांतला. आधीच्या मजकुराशी साम्य दहा टक्क्यांपर्यंत असेल तर शिक्षा नाही, साठच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. नियम प्रबंधांसाठी केलेला, पण त्याचा धाक पदवीपर्यंत उतरलाय. आभाराचं पान त्या मोजणीत धरत नाहीत, हे बरंच आहे. ह्या दुकानात ते एकच आहे, फक्त नावं बदलतात.

गोम अशी की साम्य मोजणारं सॉफ्टवेअर जुळणारे शब्द शोधतं. चॅटजीपीटीचं वाक्य बहुधा आधी कुठे छापलेलंच नसतं, मग जुळणार कशाशी? ते यंत्राचं आहे की माणसाचं, हे ओळखणारं साधन ओपनएआयने स्वतःच काढलं होतं. नेम धड लागेना म्हणून जुलै २०२३ मध्ये ते बंद केलं.

एका मुलीचा विषय होता भाजीवाले आणि यूपीआय. हातात दोनशे पानी वही. मी चाळली. बाजारातल्या एका मावशींचं बोलणं तिने जसंच्या तसं उतरवलं होतं: "पेटी बोलली तरच पैसे आले. पोरं कालचाच फोटो दाखवून जातात." छापील पानावर त्याचं इंग्रजीत झालं होतं: उत्तरदात्यांमध्ये डिजिटल व्यवहारांबाबत मध्यम विश्वास आढळतो.

"मावशी कुठे गेल्या गं?"

"काका, मला ते इंग्रजीत नीट जमेना. चॅटजीपीटीला दिलं, त्याने असं करून दिलं."

साम्य सात टक्के. ती खूश होती.

प्रिंटरमधून निघालेली गरम पानं दुकानदाराने ठोकून सरळ केली आणि गठ्ठ्याबरोबर वहीही उचलली. तिने पटकन ओढून घेतली.

"ही नको दादा, ही रफ आहे."