हरणांसाठी पेरणी

गवत पेरण्यासाठी माणसे कामाला लावावी लागतात, असे सांगितले तर पुष्कळांना हसू येईल. फरशीच्या फटीत न पेरता उगवणारे गवत चितळ-सांबरांसाठी मुद्दाम का पेरावे? आजचा विषय हाच आहे.

मेळघाट व ताडोबा येथील काही गावे गेल्या काही दशकांत जंगलाबाहेर वसविण्यात आली. मागे राहिली ती त्यांची शेते. या जमिनीवर आपोआप उत्तम कुरण होईल, अशी आपली समजूत असते. परंतु वर्षानुवर्षांच्या नांगरटीने व चराईने तेथील बहुवर्षायू गवतांची मुळे आणि बी नाहीसे झालेले असते. म्हणून पहिल्या पावसाळ्यात माजतात ते तरोटा आणि रानतुळस. त्यांना जनावरे सहसा तोंड लावीत नाहीत.

याचे महत्त्व केवढे आहे? मध्यप्रदेशातील कान्हा येथे 1970 साली बारशिंगे अवघे 66 उरले होते. हा प्राणी प्रामुख्याने गवतावर जगतो व पाडसेही उंच गवतात दडवितो. 1969 मध्ये तेथील सोंफ गाव हलविल्यावर जे गवताळ मैदान तयार झाले, त्याचा बारशिंग्यांना मोठा आधार झाला. शिवाय रानात चारा कमी पडला की हरणे काठावरच्या शेतांत अधिकच शिरतात, आणि त्यांच्यामागून वाघ येतो.

आता बियांकडे वळू. ज्वारीचे दाणे एकदम उगवतात, कारण हजारो वर्षे शेतकऱ्याने तसेच बी निवडले. रानगवताचे बी सावध असते. पुष्कळ जातींचे ताजे बी काही महिने निजून राहते. त्यामुळे कार्तिक-मार्गशीर्षात गोळा केलेले बी पुढल्या मृगापर्यंत सांभाळावे लागते. पवन्या, मारवेल, कुसळी यांचे बी हलके, केसाळ, कुसळांचे असते. ते एकमेकांत गुंतते, पाभरीतून नीट पडत नाही, वाऱ्याने उडते. म्हणून बारीक माती व शेण कालवून त्याच्या गोळ्या करतात. ते ज्वारीइतके खोल पेरले, तर कोंब वर येण्याआधीच दमतो. त्यावर मातीची पातळ चादर पुरे. कुसळीची तर स्वतःचीच पाभर आहे. तिचे कुसळ ओलाव्याने व उन्हाने पिळते-उलगडते आणि बी जमिनीत खुपसते.

दुसरी रीत ठोंब लावण्याची. पाऊस स्थिरावल्यावर मुळांसह ठोंब लावले की ते लवकर धरतात. मात्र मजुरी फार पडते, आणि कोवळे ठोंब जनावरे उपटून टाकतात.

मग उत्तम रीत कोणती? याचे उत्तर प्रत्येक जमिनीने निराळे द्यावयाचे असते. ते मिळविण्यासाठी लहान वाफे आखावे. एकात गोळ्या टाकाव्या, दुसऱ्यात ठोंब लावावे, आणि तिसऱ्यात काहीच न पेरता तरोटा व रानतुळस फुलण्यापूर्वी उपटावी. हा तिसरा वाफा बिनकामाचा वाटतो, पण तोच फार शिकवतो. शेजारच्या बांधावरून गवत आपोआप आले, तर पेरणीचा सारा खर्च वाचतो.

प्रत्येक वाफ्यात जाळीचा एक छोटा पिंजरा मात्र हवाच. पिंजऱ्यात गवत गुडघाभर आणि बाहेर खुरटलेले दिसले, तर पेरणी साधली आणि चितळांनी ती खाल्ली, असे समजावे. दोन्हीकडे उघडी माती असेल, तर बी किंवा रीत चुकली. पिंजरा नसेल, तर बाहेरची खुरटलेली जागा पाहून आपण यशस्वी प्रयोगही मोडीत काढू.

एकाच जातीवर भर देऊ नये. चितळाला आखूड, कोवळे गवत मानवते. गवा उंच, राठ गवतही खातो. बी जवळच्याच रानातले घ्यावे. परक्या बियाण्याबरोबर कोणते तण येईल, याचा नेम नसतो.

हे काम एका पावसाळ्याचे नव्हे. तण परतते, बी फसते, पुन्हा पेरावे लागते. परंतु त्या जमिनीवरून उठून गेलेल्या कुटुंबांनी आपली घरे आणि शेते सोडली आहेत. तेथे केवळ तरोटा माजला, तर त्यांचा त्याग फुकट गेला असे होईल. कोणत्या उतारावर पूर्वी कोणते गवत येत असे, हे त्या कुटुंबांतील वडीलधाऱ्यांना ठाऊक असते. पहिला वाफा आखण्यापूर्वी त्यांना विचारावे.