मरुभूमीतील गवतांची नोंद

राजस्थानच्या जैसलमेर व बाडमेर जिल्ह्यांत ३,१६२ चौरस किलोमीटर क्षेत्रावर पसरलेले मरुभूमी राष्ट्रीय उद्यान माळढोक पक्ष्यासाठी प्रसिद्ध आहे. परंतु हा पक्षी ज्या सेवण गवताच्या आश्रयाने राहतो, त्या गवताची व त्यासोबतच्या वनस्पतींची पद्धतशीर नोंद ठेवणे हेही तितकेच महत्त्वाचे कार्य होय. जैसलमेरकडे वर्षाला सरासरी २०० मिलिमीटरहूनही कमी पाऊस पडतो. वर्षायू वनस्पती पावसानंतर थोड्याच आठवड्यांत उगवून, फुलून, बी टाकून नाहीशा होतात. संग्राहकाने तेवढ्यात तेथे पोचले पाहिजे.

गवताचा नमुना म्हणजे तोडलेली काडी नव्हे. मुळे, पाने व कणसे ही सर्व त्यात असावीत. कारण गवताची ओळख मुख्यतः कणसाच्या बारीक रचनेवरून पटते. सेवणाचे जमिनीतील खोड जाड व काष्ठमय असते. तेव्हा ठोंब समूळ न उपटता कडेचा लहानसा भाग घ्यावा. जेथे एखाद्या जातीची मोजकीच झाडे असतील, तेथे वन विभागाची लेखी परवानगी हाती असली तरी छायाचित्रावरच भागवावे. नमुने कागदांत दाबून, कागद रोज बदलून वाळवितात. थोरासारखी मांसल खोडे मात्र दाबातही जिवंत राहतात; ती उभी चिरून अथवा उकळत्या पाण्यात बुडवून मगच दाबावी लागतात.

खरे मोल चिठ्ठीचे असते. तीवर स्थळ, दिनांक, जमिनीचा प्रकार आणि वाळल्यावर उडून जाणारा फुलांचा रंग लिहावा. स्थानिक नाव अवश्य टिपावे, पण त्यावर विसंबू नये. महाराष्ट्रातील अंजन गवतासच तिकडे धामण म्हणतात. आणि खानदेशात नुसते अंजन म्हटले तर गवत नव्हे, वृक्षच डोळ्यांपुढे येतो!

मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयातील फादर ब्लॅटर यांनी प्रा. हॉलबर्ग यांच्यासह जोधपूर व जैसलमेर येथील वनस्पतींची सूची १९१८ ते १९२१ या काळात प्रसिद्ध केली. फादर ब्लॅटर यांच्या नावाचा वनस्पतिसंग्रह त्या महाविद्यालयात आजही जतन केलेला आहे. पुढे कालव्याचे पाणी मरुभूमीत आले आणि सेवणाची पुष्कळ कुरणे नांगराखाली गेली. अशा जमिनीवर कुरण पुन्हा उभे करावयाचे झाल्यास तेथे मूळची कोणती गवते होती, हे जुन्या नमुन्यांच्या चिठ्ठ्यांवरून पडताळता येते.